सांगता येत नाही

आमची धाकटी काय शिकली, हे मला गावात अजून धड सांगता येत नाही. जिओफिजिक्स म्हणलं की माणसं विचारतात, "म्हंजे डॉक्टर का?" मग मी म्हणतो, डॉक्टरच, पण जमिनीची. पोट न फाडता पोटात काय आहे ते बघणारी. एवढ्यावर लोक मान हलवतात आणि लगेच दुसरा प्रश्न येतो, "मग पाणी कुठं लागंल ते सांगती का?" तिसरा प्रश्न तर आमच्या भागात ठरलेलाच आहे, "आन् भूकंप परत कवा येणार?"

या दोन प्रश्नांच्या मधेच आमच्या पोरीचं सगळं शिक्षण झालं. ते कसं झालं ते लिहून ठेवावं म्हणून बसलोय. मी स्वतः 1978 साली दहावी झालो आणि औत धरलं. त्यामुळं शास्त्रातलं जे लिहीन ते तिच्याकडून ऐकलेलं, मला उमगलं तेवढं.

आमचं जुनं गाव तेरणेच्या काठाला, किल्लारीच्या शिवाराला लागून होतं. होतं म्हणतो, कारण आता तिथं बोरीबाभळी आहेत आणि दगडाचे ढीग आहेत. 1992 च्या दसऱ्यानंतर जमिनीतून आवाज यायला लागले. लांबून कुणी रिकामी बैलगाडी खडकावरून पळवत यावी तसा आवाज. पाठोपाठ उतरंडीची गाडगी वाजायची. एकदोनदा चांगलेच धक्के बसले. माणसं अंगणात, खळ्यात झोपायला लागली. साहेब लोक जीपगाड्या घेऊन आले, बघून गेले. मग आवाज कमी झाले. उन्हाळा गेला, पाऊस आला, पावसात बाहेर किती दिवस झोपणार? सगळे पुन्हा घरात गेले. घरं कसली, दोन-दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद. दरसाल पाऊस गळू नये म्हणून माळवदावर मातीची पाटी टाकायची. बापानं टाकली, आज्यानं टाकली, मीही टाकली. किती वजन डोक्यावर चढवत चाललोय हे कुणाच्याच ध्यानात नव्हतं.

1993 ला 29 सप्टेंबरला गणपती बोळवले. पोरं नाचून दमली होती. मी राखणीला शेतात गेलो. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. आमच्या घरात चार माणसं झोपली होती. बायको आणि धाकटा भाऊ निघाले. माझी माय आणि चार वर्षांची थोरली निघाली नाही. त्यावर जास्त लिहीत नाही. त्या पहाटे या भागात दहा हजारांच्या आसपास माणूस गेलं, ज्याच्या त्याच्या घरात तेच होतं.

बायकोनं मात्र एक गोष्ट मनात धरली ती धरलीच. ती म्हणायची, "सालभर जमीन सांगत व्हती. एवढी शिकलेली माणसं हायेत देशात, एकालाबी कसं कळलं न्हाई?" सुरुवातीला ती रडून म्हणायची. पुढं रडणं थांबलं, प्रश्न तसाच राहिला. भाकरी थापताना, निंदताना मधेच म्हणायची. मी उत्तर द्यायचं सोडून दिलं होतं.

धाकटी 1995 ची. पत्र्याच्या शेडात जन्मली. थोरलीचा एक फोटो सोडला तर तिला बहीण माहीत नाही, पण आईचा प्रश्न तिनं पाळण्यापासून ऐकला. शाळेत हुशार निघाली. लातूरला कॉलेजात बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलं. तिथल्या एका सरांनी तिला सांगितलं की भूकंपाचा, खडकाचा, जमिनीतल्या पाण्याचा अभ्यास फिजिक्सच्या अंगानं करता येतो. त्याला भूभौतिकी म्हणतात आणि मुंबईला आयआयटीत त्याची एम.एस्सी. आहे. जॅम नावाची परीक्षा द्यावी लागते. पोरीनं डोक्यात घेतलं.

ते साल 2016 चं. लातूरला पाण्याचा ठणठणाट. एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तेव्हा ती बघायला माणसं लोटली होती. धाकटी ज्या खोलीत राहायची तिथं चार पोरींना मिळून आठवड्याला दोन घागरी. त्यात तिनं अभ्यास केला आणि तिचा नंबर लागला. घरी पेढे वाटले, पण पाठोपाठ माझा मेव्हणा येऊन बसला. म्हणाला, "दाजी, पोरगी एकवीस वर्षांची झाली. बी.एड्. करा, मास्तरीण होईल. दगडं शिकून काय खाणीत घालताव का तिला?" मला त्याचं पटत होतं, हे कबूल करतो. मी बायकोकडं बघितलं. ती चुलीपुढून उठली नाही, तिथूनच म्हणाली, "जाऊ द्या तिला. मी इतकी वर्सं इचारतेय. कुणी तरी घरातलंच जाऊन बघून येऊ दे."

पोरगी पवईला गेली.

सुरुवातीला तिचे फोन यायचे ते रडके. वर्गात मुली थोड्याच. सगळं इंग्रजीत, त्यात संगणकावर प्रोग्राम लिहायचे. मला वाटलं होतं दगड फोडायला, नकाशे काढायला शिकवतील. तर निम्मं गणितच. ती म्हणायची, "अण्णा, जमिनीत उतरता येत नाही ना, मग वरून जे कळतं त्यावरून आतलं ताडायचं. भूकंपाच्या लाटा, वजनाची ओढ, चुंबक, वीज. ताडायचं म्हणजे गणित आलंच." मी म्हणलं, म्हणजे आपण कलिंगडाला टिचकी मारून बघतो तसं. ती हसली. म्हणाली, "अगदी तसंच, पण कलिंगड बारा हजार किलोमीटरांचं आहे."

तिच्या खोलीतल्या भिंतीला एका बाईचा फोटो होता, म्हातारी, बारीक चणीची. डेन्मार्कची इंगे लेहमान. पृथ्वीच्या अगदी मधोमध घट्ट गोळा आहे, हे या बाईनं 1936 साली दाखवून दिलं. कुठंही न उतरता, फक्त लांबच्या भूकंपांच्या नोंदी मांडून. म्हणे ती नोंदींची कार्डं ओटच्या रिकाम्या खोक्यांत ठेवायची. हे ऐकून बायकोला बाई आवडली, कारण आमच्याकडं पण बिस्किटाच्या डब्यात सात-बारा असतो. ही बाई एकशे चार वर्षं जगली आणि 1993 साली वारली. साल ऐकलं आणि आम्ही दोघंही गप्प झालो.

दुसऱ्या वर्षी तिला प्रकल्प करायचा होता. तिनं आमचंच शिवार धरलं, विषय खडकातल्या पाण्याचा. 2017 च्या डिसेंबरात ती मशीन घेऊन आली, बरोबर वर्गातला एक पोरगा. हरभरा घाट्यांवर येत होता. सुटकेसएवढं यंत्र, गाडीची बॅटरी, वायरीची रिळं आणि पोलादी खुंट्या. सरळ रेषेत चार खुंट्या ठोकायच्या. बाहेरच्या दोन खुंट्यांतून जमिनीत वीज सोडायची आणि आतल्या दोन खुंट्यांमधे किती दाब येतो ते मोजायचं. खुंट्या जितक्या लांब नेऊ तितकी वीज खोल जाते. माती कोरडी असली की खुंटीच्या बुडाला मिठाचं पाणी ओतायचं. ते पाणी ओतायचं काम माझ्याकडं. या पद्धतीला एका फ्रेंच माणसाचं नाव आहे, श्लुंबर्जे. मी तीन दिवसांत ते नाव म्हणायला शिकलो, एवढंच माझं उच्च शिक्षण.

ती आकडा वाचायची, पोरगा लिहायचा. काळी माती पाच-दहाच्या आसपास, ओला मुरूम वीस-तीस-चाळीस, आणि काळा पाषाण लागला की आकडा शंभराच्या वर चढायचा, कधी काही शे. कमी आकडा म्हणजे विजेला वाट सोपी. पाणी असलं की वाट सोपी होते.

रात्री ती वहीत रेघा काढून समजावून सांगायची. आपल्या खाली जो खडक आहे तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा होता. एकदम नाही सांडला, एकावर एक थर पडले. मी म्हणलं, टोपल्यातल्या भाकरीची चळत. तर हो, तशीच चळत. दोन थरांच्या मधे कधी वरचा थर कुजून झालेली लाल माती असते, आपण गेरू म्हणतो ती. कुठं मांजऱ्या दगड असतो, भोकाभोकांचा. पाणी राहतं ते या सांध्यांत आणि फटींत, नाहीतर वरच्या मुरमात. बाकी सगळा कातळ, त्यात पाण्याला जागाच नाही. भूकंपानंतर हैदराबादच्या एनजीआरआयच्या शास्त्रज्ञांनी किल्लारीजवळ 617 मीटर खोल भोक पाडलं होतं. त्यात 338 मीटरपर्यंत हाच काळा दगड. त्याखाली आठेक मीटर जुना गाळ आणि मग त्याहून कितीतरी जुना खडक. "म्हणजे अण्णा, अकराशे फुटांपर्यंत हीच चळत. लोक आठशे-नऊशे फूट बोर मारतात, त्यांना वाटतं खाली कुठं तरी पाण्याचा झरा वाहतोय. खाली भाकरीच आहे."

माझ्या शेतात तिनं तीन जागा मोजल्या. दोन जागी तिनं सरळ सांगितलं, खाली कोरडा पाषाण आहे. तिसरी जागा लिंबाखालची. तिथं वर पाषाण, पण पन्नास-साठ मीटरांच्या आसपास आकडा पुन्हा खाली येत होता. माझे डोळे चमकले. म्हणलं, पाणी?

ती बराच वेळ आलेखाकडं बघत बसली. म्हणाली, "सांगता येत नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे पाणी असेल तरी आकडा कमी येतो आणि गेरू असेल तरी कमी येतो. चिकण मातीतून पण वीज सहज जाते. शिवाय एकाच आलेखाची दोन-तीन उत्तरं निघू शकतात. थर जाड आणि आकडा थोडा मोठा, किंवा थर पातळ आणि आकडा अजून लहान, मशीनला दोन्ही सारखंच दिसतं. जवळपासच्या बोरमधे काय निघालं ते माहीत असतं तर थोडं तरी बोलता आलं असतं. तुम्ही कर्ज काढून बोर घेऊ नका, एवढंच सांगते."

खरं सांगतो, मला राग आला. दोन वर्षं पवईला ठेवली, एवढं मोठं मशीन आणलं, तीन दिवस मिठाचं पाणी ओतलं, आणि शेवटी काय, तर सांगता येत नाही! एवढं तर मी दहावीवर सांगितलं असतं.

जाताना तिनं एक काम सांगितलं. गावात कुणाचाही बोर लागला तर दर दहा फुटाला मूठभर चुरा पिशवीत भरून वर खोली लिहून ठेवायची.

ती गेली आणि महिनाभरात भाऊ पाणाड्याला घेऊन आला. गोरागोमटा माणूस, कपाळाला बुक्का. तळहातावर नारळ आडवा धरून शेतातून फिरला. लिंबाखाली आला आणि नारळ उभा राहिला. माझ्या अंगावर काटा आला, कारण जागा तीच. म्हणाला, "दोनशे फुटाच्या आत दीड इंची पाणी. न्हाई लागलं तर नाव बदलीन." त्याच्या तोंडात 'सांगता येत नाही' हा शब्दच नव्हता. मला तेच तर पाहिजे होतं. मी मनात दोन्हींची बेरीज केली. पोरगी म्हणते कदाचित, हा म्हणतो नक्की. बायकोनं विचारलं, "पोरीला फोन केला का?" मी म्हणलं, तिनं कुठं नाही म्हणलंय.

तुरीचे पैसे आले होते, त्यात उसने घातले आणि बोरची गाडी बोलावली. फेब्रुवारीतली रात्र होती. गाडी लागली की सगळं गाव जमतं तसं जमलं. धुरळा उडायला लागला. मी मात्र पोरीनं सांगितलेलं काम विसरलो नव्हतो. दर दहा फुटाला मूठभर चुरा पिशवीत भरत होतो. शंभर फूट, काळा. दीडशे, काळा. एकशे ऐंशीला चुऱ्याचा रंग बदलला. एकशे नव्वदला लाल चिखल यायला लागला. "आलं, आलं!" असं भाऊ ओरडला. कुणी तरी नारळ फोडला. मी तो चिखल हातात घेतला. ओलसर होता, पण पाणी नव्हतं. कुंभाराच्या मातीसारखा चिकट, लालभडक. गेरू. मला त्याच क्षणी कळलं की पोरीच्या दोन शक्यतांपैकी कुठली खरी होती.

तिथं थांबायला पाहिजे होतं. पण अशा वेळेला माणूस थांबत नाही. सगळं गाव बघतंय, गाडीवाला म्हणतो अजून पन्नास जाऊ, भाऊ म्हणतो अजून शंभर. वीस फुटात गेरू संपला आणि पुन्हा काळा पाषाण लागला. दर फुटाला पैसे. पहाटे 620 फुटाला मी हात वर केला. साठ हजाराच्या वर गेले. गाडी गेली, माणसं गेली. लिंबाखाली मी आणि 62 पिशव्या. पाणाड्यानं नाव बदललं नाही आणि फोनही उचलला नाही.

पंधरा दिवस मी पोरीला सांगितलंच नाही. शेवटी तिच्या आईनं सांगितलं. मला वाटलं, आता ऐकवणार. फोनवर ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग विचारलं, "अण्णा, चुरा ठेवला का?"

मी म्हणलं, "ठेवलाय. 62 पिशव्या."

"एकशे ऐंशीला काय निघालं?"

"गेरू. दोनशेपर्यंत."

पलीकडं ती रडायला लागली. मला आधी कळेना, पैशासाठी रडते का कशासाठी. नंतर कळलं, दोन्हींसाठी. तिच्या प्रकल्पाला जे पाहिजे होतं ते बापाच्या साठ हजारांतून निघालं होतं. होळीला येऊन ती पिशव्या पोत्यात भरून लातूर एक्स्प्रेसनं घेऊन गेली. त्या गेरूच्या थरावरून तिनं शिवारातले बाकीचे आलेख पुन्हा सोडवले. कुठला थर गेरूचा आणि कुठं खरंच ओला मांजऱ्या असू शकतो, याचा अंदाज बांधला. पुढं त्याच अंदाजावर आम्ही जुनी विहीर, जिच्याकडं मी दहा वर्षं ढुंकून बघितलं नव्हतं, ती पंधरा फूट खाली घेतली आणि ओढ्याचं पाणी गाळून तिच्यात सोडलं. ती आता एक हरभरा आणि थोडं माळवं भागवते. ऊस मी सोडून दिला. दीड इंची पाणी मला अजून लागलेलं नाही आणि लागणार नाही, हे मान्य केल्यापासून कर्ज मात्र नवं काढलेलं नाही.

जूनमधे तिचं शिक्षण संपलं तेव्हा सामान आणायला आम्ही दोघं पवईला गेलो. झाडी, तळं, सायकलवरची पोरं. तिनं आम्हाला तिचा जाडजूड प्रकल्प दाखवला. शेवटी एक तक्ता होता, इंग्रजीतला, पण आकडे मला वाचता आले. 10, 20, 30 असं करत 620 पर्यंत. प्रत्येकापुढं दगडाचं वर्णन. खाली एक ओळ होती, तिनं ती वाचून दाखवली. नमुने विहिरीच्या मालकानं गोळा केले. माझं नाव नव्हतं, पण मी तो तक्ता दोनदा बघितला.

मग तिनं आम्हाला तिच्या एका सरांकडं नेलं. साधा माणूस, चहा सांगितला. म्हणाले, पोरगी कष्टाळू आहे, पीएच.डी. करू द्या. मी मान हलवत होतो. तेवढ्यात बायको, जी सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती, ती म्हणाली, "साहेब, एक इचारू का?"

मला कळलं काय येणार. मी तिच्या हाताला हात लावला, पण ती थांबली नाही. म्हणाली, "आमच्याकडं भूकंपाच्या आदी सालभर जमिनीतून आवाज येत व्हते. माझी चार वर्सांची पोरगी गेली त्यात. तुमी एवढे शिकलेले हाव. खरं सांगा, ते आवाज कुणाला कळाया पाहिजे व्हते का न्हाई?"

सरांनी हातातला कप खाली ठेवला. पोरगी खिडकीबाहेर बघत होती. बराच वेळ झाला. मग सर म्हणाले, "आई, ते आवाज छोट्या भूकंपांचेच होते. पण असे छोटे भूकंप कितीतरी ठिकाणी होतात, महिनोन् महिने होतात आणि आपोआप थांबतात. मोठा भूकंप येतोच असं नाही. एखाद्या ठिकाणी येतो. कुठल्या ठिकाणी येणार, हे तेव्हा आम्हाला कळत नव्हतं. हा भाग शांत आहे अशीच समजूत होती. आणि आज, तुम्हाला खोटं सांगत नाही, आजही कळत नाही. आज तसेच आवाज आले तर मी तारीख सांगू शकणार नाही. घरं नीट बांधा, पडक्या भिंतीखाली झोपू नका, एवढंच सांगू शकेन. ते तेव्हा कुणी तरी ठासून सांगायला पाहिजे होतं. ते राहून गेलं."

बायकोनं पदर सारखा केला आणि चहा प्याला. दुसरा प्रश्न विचारला नाही.

परत येताना रात्री गाडीत सगळे झोपले होते. पोरगी वरच्या बर्थवर. बायको खिडकीला बसली होती. मी म्हणलं, "वाईट वाटलं का?" ती म्हणाली, "न्हाई. पंचवीस वर्सं ज्याला त्याला इचारलं. कुणी म्हनलं देवाचा कोप, कुणी म्हनलं माकणीच्या धरनाचं पाणी, कुणी म्हनलं तुमचं नशीब. सगळ्यास्नी ठाव व्हतं. हा पयला माणूस, जो म्हनला मला ठाव न्हाई." मग थोड्या वेळानं म्हणाली, "त्यानं मला फसवलं न्हाई." त्यानंतर तिनं तो प्रश्न विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. विसरली असं नाही. थोरलीच्या फोटोला ती अजून दर अनंत चतुर्दशीला हार घालते.

मला त्या रात्री लिंबाखालचा पाणाड्या आठवला आणि पोरीचा चेहरा आठवला, आलेखाकडं बघत बसलेला. दोन वर्षांत ती काय शिकली असं मी रागानं म्हणलं होतं. आपल्याला कुठपर्यंत कळतं आणि कुठून पुढं कळत नाही, ती हद्द नेमकी कुठं आहे, हे ती शिकली होती. शेताची हद्द शेजाऱ्याला दाखवताना माणूस दोन हात पुढंच दाखवतो. हिनं बापाला सुद्धा बोटभर पुढं दाखवली नाही.

2022 च्या सप्टेंबरात निलंगा तालुक्यातल्या हासोरीकडं जमिनीतून आवाज यायला लागले. बारीक धक्के बसले. ते गाव आमच्यापासून लांब आहे, पण आमच्याकडच्या माणसांची झोप उडाली. पोरगी तेव्हा पीएच.डी.च्या कामात, बारीक भूकंपांच्याच नोंदींवर. माणसं माझ्या दारात येऊन बसली. सरपंच, भाऊ, मेव्हणासुद्धा, ज्यानं दगडं शिकून काय करणार असं विचारलं होतं. "लावा पोरीला फोन. येणार का न्हाई, एवढंच इचारा."

मी फोन लावून स्पीकरवर ठेवला. ती म्हणाली, "सांगता येत नाही, मामा. तिथं मशीन लावून धक्के कुठं आणि किती खोल होतात ते मोजतात. पण मोठा येईल का, कधी येईल, हे कुणीच सांगू शकत नाही. जो तारीख सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. आपल्या गावात भूकंपानंतर बांधलेली घरं बरी आहेत, पण त्यांना पुढं-मागं ज्या दगडमातीच्या खोल्या जोडल्यात ना, त्यांच्यात कुणी झोपू नका. भिंतीवरचे दगड, कौलं, टाक्या, जे सैल आहे ते खाली घ्या. एवढं आजच करा."

फोन बंद झाला. मेव्हणा म्हणाला, "म्हंजे तिला बी काय म्हाईत न्हाई." मला त्याचा राग आला नाही. चार वर्षांपूर्वी मीच बोललो होतो ते.

मी उठलो आणि भावाला म्हणलं, "चल." आमच्या घराच्या मागं जनावरांसाठी घातलेली दगडी खोली होती. सासऱ्यांची खाट तिथं होती, वय नव्वदीला टेकलेलं, त्यांना जनावरांजवळच झोप लागते. आम्ही दोघांनी खाट उचलून अंगणात आणली. म्हातारा कुरकुरला. बायकोनं वाकळ आणून टाकली आणि उशाला पाण्याचा तांब्या ठेवला. दारातली माणसं थोडा वेळ बघत उभी राहिली. मग मेव्हणा काही न बोलता आपल्या घराकडं गेला. अर्ध्या तासानं मी बघितलं तर तोही पोराला हाताशी धरून माळवदाच्या खोलीतून पेटी, बाजलं असं एक-एक बाहेर काढत होता.